पंचावन्न मिनिटं जुना गोंद

मंगळावरचे आकडे इतके मनासारखे आले, तिथंच मेरिएल पेनरीला शंका यायला हवी होती. पण मनासारखं आलेलं कोण तपासतं हो? नावडती गोष्ट माणूस दहादा उलटीपालटी करून बघतो, आवडती तशीच खिशात घालतो. मार्च महिनाभर विद्यापीठातला त्यांचा सगळा विभाग हवेत होता. प्रोफेसर लॅसेल्स म्हणजे कुणाच्या 'गुड मॉर्निंग'ला नुसती मान हलवणारा गृहस्थ, पण तेसुद्धा शिट्टी वाजवत जिना चढत होते.

कारणच तसं होतं. सहा वर्षं खपून बांधलेलं त्यांचं सुटकेसएवढं यंत्र यानावर बसून मंगळाभोवती फिरत होतं. डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा उजेड, म्हणजे अवरक्त प्रकाश, ते पकडायचं आणि त्यावरून तिथली हवा किती गार, किती गरम ते इथे इंग्लंडात बसून कळायचं. आता मंगळाची हवा म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात ध्रुवावर अशी थंडी पडते की ती हवाच गोठून बर्फ होते. त्यामुळे हवा एका ठरावीक थंडीच्या खाली जाऊच शकत नाही, असं सगळे धरून चालले होते. यंत्र म्हणत होतं, गेली आहे, चांगली अर्धा अंश खाली. लॅसेल्सांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं की हवेला गोठायला धुळीचा कण लागतो आणि ध्रुवावर धूळच नाही, तेव्हा तिथली हवा गोठणबिंदूच्या खाली जाऊनही तशीच राहणार. तेव्हा लोकांनी ते हसण्यावारी नेलं होतं. आता मे महिन्यात पॅरिसला जाऊन ते त्याच लोकांसमोर उभे राहणार होते.

यंत्र खरं बोलतंय की नाही हे बघायचं काम मेरिएलचं. यंत्राच्या पोटात बशीएवढी एक काळी थाळी होती. यंत्र आधी मंगळाकडे बघायचं, मग रिकाम्या आकाशाकडे, मग या थाळीकडे. आकाश म्हणजे शून्य, आणि थाळी म्हणजे माहीत असलेलं माप. थाळीच्या पाठीला तापमापकाचे दोन मणी चिकटवलेले होते. त्यातला एक उड्डाणाच्या हादऱ्यातच मुका झाला. उरलेला सांगेल तेवढी थाळी गरम, असं धरायचं आणि त्याच्याशी ताडून मंगळ मोजायचा. वाण्याचं वजन असतं ना, तसं. वजनात खोट असेल तर गिऱ्हाईक आणि वाणी दोघेही भांडत बसतात आणि दोघेही चूक.

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी तिनं ते पाहिलं. यान मंगळाच्या सावलीत शिरलं की यंत्राची पेटी गार व्हायची, आणि मणी लगेच सांगायचा की थाळीही गार झाली. पण थाळीतून येणारा उजेड होता तेवढाच. गार झालेली वस्तू कमी उजेड देते, हे शाळेतलं पोर सांगेल. म्हणजे थाळी गार झालीच नव्हती, गार होत होता तो एकटा मणी. तो थाळीला नीट चिकटलेला नव्हता आणि थाळीपेक्षा पेटीचंच जास्त ऐकत होता. थाळी तो सांगत होता त्याहून गरम होती, सावलीत जास्त, उन्हात कमी, पण होतीच. आणि वजनच असं चुकीचं असल्यामुळे ध्रुव आहे त्याहून गार दिसत होता.

तिला वाईट वाटलं. लॅसेल्सांसाठी नाही. ते मणी कुणी चिकटवले ते तिला माहीत होतं म्हणून.

तळघरातल्या कार्यशाळेत विल्फ्रेड टकवेल अडतीस वर्षं होते. या विभागातून जे जे यंत्र आकाशात गेलं, त्यातल्या प्रत्येकाच्या थाळीला काळा रंग त्यांनी दिला आणि मणी त्यांनी लावले. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कुणी हातमोज्याशिवाय थाळीला बोट लावलं तर म्हणायचे, "लोणी लावलंय का तिला? मग चाटताय कशाला?" यंत्रं गेली, त्यांच्यावर शेकड्यांनी लेख छापून आले, प्रत्येक लेखावर पंधरा-वीस नावं, त्यातलं एकही टकवेल नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'कार्यशाळेतील तंत्रज्ञांचे आभार' अशी ओळ असायची. ही थाळी त्यांचं शेवटचं काम. त्यानंतरच्या शरद ऋतूत ते निवृत्त झाले.

मेरिएल तळघरात गेली आणि टकवेलांची वही काढली. तो माणूस सगळं लिहून ठेवायचा. पान सापडलं. 'गोंद मिसळला, दहा पंचवीस.' त्याखाली, 'मणी लावले, अकरा वीस.' बस्स. हा दोन बाटल्यांचा गोंद एकदा मिसळला की अर्धा तास चालतो. पुढे तो वरवर धरतो, आत शिरत नाही. पंचावन्न मिनिटं. आणि पानाच्या डोक्यावर जी तारीख होती ती मेरिएलच्या चांगली लक्षात होती.

त्या दिवशी तिनंच त्यांना वर चहाला ओढून नेलं होतं.

साडेदहाचा चहा म्हणजे त्या विभागात देवपूजा. वरच्या मजल्यावर लांब टेबल, त्याभोवती शास्त्रज्ञ मंडळी, लॅसेल्स किटली घेऊन बसलेले. तळघरातल्यांची किटली तळघरात. असा काही नियम नव्हता, कुणी कधी कुणाला हटकलं नव्हतं, पण तळघरातलं माणूस वर चहाला गेलं नव्हतं आणि वरचं खाली उतरलं नव्हतं. मेरिएल विभागात नवीन होती, वेल्समधल्या खाणकामगाराची नात होती, आणि तिला या गोष्टीची मनस्वी चीड होती. शेवटची थाळी लावताय, आज तरी वर चला, असा तिनं हट्टच धरला. मणी लावून येतो, टकवेल म्हणाले होते. दहा मिनिटांचा तर प्रश्न, चहा थांबत नाही, असं म्हणून तिनं त्यांचा एप्रन स्वतः सोडला होता. वर लॅसेल्सांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या कपात चहा ओतला, बिस्किटांची बशी पुढे सरकवली, जुन्या रॉकेटांच्या गोष्टी निघाल्या, सगळे हसले. मेरिएलला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता काय करायचं? एक वाट सरळ होती. मणी उड्डाणात बिघडला म्हणायचं. एक मेलाच होता, दुसराही दुखावला, कुणाचाच दोष नाही, कुणी वही उघडायलाही जाणार नाही. रात्रभर तिनं ती वाट चालून पाहिली. पण लॅसेल्स विचारणार, किती चुकला? अर्धा अंश की त्याचा दहावा भाग? आकडा नसेल तर नुसत्या शंकेवर पॅरिस रद्द होत नसतं, आणि त्यांच्या जागी ती असती तर तिनंही केलं नसतं. आकडा हवा तर एकच उपाय होता. कपाटात जोडथाळी, म्हणजे हुबेहूब तशीच दुसरी थाळी, शिल्लक होती, तोच गोंद मिळत होता. गोंद मिसळायचा, पंचावन्न मिनिटं ठेवायचा, मग तसाच लावायचा आणि निर्वात टाकीत घालून मोजायचं. पण गोंद किती दाबायचा, किती पसरायचा, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. ते तिला येत नव्हतं, कुणालाच येत नव्हतं.

शनिवारी ती बसनं त्यांच्या गावी गेली. टकवेल घरामागच्या भाजीच्या वाफ्यात घेवड्यासाठी काठ्या रोवत होते. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि माणूस बराच वाळला होता. त्यांनी हात पुसून तिला उलट्या बादलीवर बसायला सांगितलं.

"डॉक्टरीणबाई इतक्या लांब आल्या म्हणजे काहीतरी मोडलंय," ते म्हणाले. "काय मोडलंय?"

तिनं सांगितलं. सावली, मणी, वही, सगळं एका दमात सांगितलं. फक्त चहाचं तिच्या तोंडून निघेना. टकवेल ऐकत राहिले. हातातली काठी त्यांनी रोवली नाही आणि खालीही ठेवली नाही.

"घट्ट झाला होता तो गोंद," ते म्हणाले. "मला कळलं होतं. काडीला तार सुटत नव्हती. टाकून नवा करायला हवा होता. पण बारा वाजता थाळी टाकीत जायची होती, आणि वर इतका वेळ बसलो होतो त्याची लाज वाटत होती. म्हटलं, चालेल. अडतीस वर्षांत 'चालेल' हा शब्द मी एकदा म्हणालो बघ."

"मी नेलं होतं तुम्हाला," मेरिएल म्हणाली. "चूक माझी आहे."

"पाय माझे होते ना, पोरी? मी उठू शकलो असतो. दोनदा मनात आलं, उठावं. पण उठायचं जिवावर आलं. चहा चांगला होता. आणि ते लोक माझ्याशी बोलत होते."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की तिला वर बघवेना. मग ज्या कामाला आली होती ते तिनं सांगितलं. तुम्ही येऊन ते पुन्हा करायचं, तसंच, तेवढाच उशीर करून. टकवेलांचा चेहरा पहिल्यांदा कडक झाला. चांगलं काम करून दाखव म्हणाली असतीस तर पायी आलो असतो, ते म्हणाले, पण माझ्याकडून मुद्दाम वाईट काम करून घ्यायला आलीस होय? ते उठून घरात गेले. आता हे काही बाहेर येत नाहीत, असं धरून ती पिशवी उचलून निघालीच होती, तर ते दारात आले आणि सोमवारची बस किती वाजता ते विचारू लागले.

सोमवारी ते आले ते इस्त्रीचा एप्रन पिशवीत घेऊन. तळघरात त्यांची जागा आता एका मशीननं घेतली होती, म्हणून कोपऱ्यातल्या बाकावर काम मांडलं. दहा पंचवीसला त्यांनी गोंद मिसळला. मग करण्यासारखं काहीच नव्हतं. वाट बघायची. मेरिएलनं आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली होती, यान निघायची, यान पोचायची, पण ही पंचावन्न मिनिटं सरता सरेनात. अर्ध्या तासानंतर वाटीतला गोंद मेणासारखा दिसायला लागला आणि टकवेलांचा हात दोनदा त्या वाटीकडे गेला, फेकून द्यायला. दोन्ही वेळा त्यांनी तो मागे घेतला. वर साडेदहाचा चहा अजून चालला होता, कपबशा खणखणत होत्या. 

अकरा वीसला त्यांनी काडी उचलली. तार सुटत नव्हती. त्यांनी तो गोंद थाळीच्या पाठीवर ठेवला, मणी बसवले, अंगठ्यानं दाबले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते. मेरिएलनं आपला रुमाल काढला आणि त्यांचे डोळे पुसले. टकवेल मोजून चार मिनिटं मणी दाबत राहिले, त्या दिवशी दाबले असतील तितकाच वेळ.

टाकीतली मोजणी आठ दिवस चालली. थाळी खरी किती गरम ते टाकीतल्या दुसऱ्या मापावरून कळत होतं आणि मणी काय सांगतो ते समोर दिसत होतं. पेटी यानाइतकी गार केली की मणी दोन अंश कमी सांगायचा. थाळीपाशी दोन अंश, म्हणजे ध्रुवापाशी अर्धा. जेवढा लॅसेल्सांचा शोध, बरोब्बर तेवढा.

ती वही आणि आकडे घेऊन वर गेली. टकवेल म्हणाले, मीही येतो, माझं काम आहे. लॅसेल्सांनी दोघांना बसवलं. आलेख पाहिले, पुन्हा पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. वीस वर्षं उराशी धरलेली कल्पना ते त्या खोलीत हरले, आणि माणसानं आवाज चढवला नाही, हे त्यांचं मोठेपण मान्य करायलाच हवं. त्यांनी फक्त वहीतल्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"या मधल्या वेळात काय झालं होतं, टकवेल?"

मेरिएलनं बोलायला तोंड उघडलं. टकवेलांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"घड्याळाकडे लक्ष नव्हतं माझं, साहेब," ते म्हणाले.

लॅसेल्सांनी मान हलवली. त्या दिवशी याच माणसाच्या कपात आपण चहा ओतला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मेरिएल मूग गिळून बसली आणि त्याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

दोन अंश जमेस धरून सगळे आकडे नव्यानं काढले. आलेखातली ध्रुवावरच्या हवेची रेघ अर्धा अंश वर सरकली आणि गोठणबिंदूवर जाऊन बसली. शंभर मैल, दोनशे मैल, कुठे वर नाही, कुठे खाली नाही. याचा अर्थ तिथली हवा गोठायला धुळीची वाट बघत थांबली नव्हती, ती त्याच क्षणी गोठत होती. मंगळाच्या त्या काळोखात आभाळच बर्फ होऊन जमिनीवर उतरत होतं, आणि ते आकड्यांत पाहणारे जगात त्या खोलीत जमलेले सातआठ जणच होते. खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. लॅसेल्स खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "बाकीच्या महिन्यांनाही टकवेलची दुरुस्ती लावून घ्या."

ते बोलायच्या ओघात म्हणाले होते. पण नाव चिकटलं. ते संगणकाच्या आज्ञावलीत गेलं, मग सगळ्यांच्या तोंडी बसलं, मग लेखात उतरलं. मेरिएल लॅसेल्सांशी भांडली. टकवेलांचं नाव लेखकांमध्ये घाला, त्यांच्याशिवाय हा लेखच नाही, म्हणाली. लॅसेल्स म्हणाले, तसा प्रघात नाही, आभारात घालू. ती दोनदा गेली, दोनदा परत आली. जूनमध्ये छापण्याआधीची पानं हातात आली. वर चौदा नावं होती, त्यात टकवेल नव्हते. आणि आत 'टकवेल दुरुस्ती' सतरा वेळा होती.

मेरिएलला झोप येईना. अडतीस वर्षांच्या चोख कामाला ज्याचं नाव कुणी लावलं नाही, त्याच्या एका चुकीला ते लागलं होतं, आणि आता यंत्र चालेल तितकी वर्षं, मंगळाचा अभ्यास करणारा जो कुणी हा लेख उघडेल, त्याला टकवेल म्हणजे ती चूक एवढंच कळणार होतं. आभाराची ती बारीक ओळ याहून बरी होती. लाल पेन आणि पानं घेऊन ती पुन्हा त्या बसमध्ये बसली.

घेवडा काठ्यांवर चढून फुलावर आला होता. टकवेलांनी पानं हातात घेतली, पण चष्मा आत होता, म्हणून त्यांनी तिलाच वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. ते नाव आलं तिथं तिचा आवाज अडखळला. ते म्हणाले, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली की अजून वेळ आहे, सगळीकडे 'थाळीची दुरुस्ती' असं करता येईल, पेन आणलंय, तुम्ही नुसती मान हलवा, लॅसेल्सांना मी बघते.

टकवेलांनी घेवड्याचा एक सुटलेला वेल काठीवर नीट गुंडाळला.

"डलसी विचारायची," ते म्हणाले. डलसी म्हणजे त्यांची बायको. "लेख छापून आला की मी एक प्रत घरी आणायचो. ती म्हणायची, यात तू कुठे आहेस? मी शेवटचं पान दाखवायचो. ती म्हणायची, इथे तंत्रज्ञ आहेत, तू नाहीस. दर वेळी विचारायची. चेष्टा करायची नाही, खरंच शोधायची."

मेरिएलनं पेनाचं टोपण काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

"आज असती तर शोधावं लागलं नसतं," टकवेल म्हणाले. "मग विचारलं असतंन्, कशाबद्दल रे? आणि मला सांगावं लागलं असतं."

"म्हणूनच काढू या ना."

"नको. सांगितलं असतं मी तिला." त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं, टोपण बसवलं आणि तिला परत दिलं. "अडतीस वर्षं वाट बघितली आणि आलं ते असं आलं. वाईट वाटतं, पोरी. नाही कसं वाटणार? पण खोटं नाही आलं. राहू दे."